बावीस मिनिटं, सलग

खोक्यांच्या कारखान्यात त्याला सगळे 'बावीस' म्हणायचे. खरं नाव हजेरीपत्रकावर होतं, पण ते हजेरी घेणाऱ्यालाही पटकन आठवायचं नाही. "बावीस, डबा काढ." "बावीस, तुझ्या मशीनचा पट्टा घसरलाय बघ." नव्यानं लागलेल्या माणसाला वाटायचं, हा मशीनचा नंबर असावा. मग जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी मुद्दाम खोडी काढायचं, "अरे बावीस, ह्याला अजून सांगितलं नाहीस वाटतं?" आणि भाबडा बावीस हातातला घास डब्यात ठेवून सांगायला बसायचा. बाकीचे खाली मान घालून जेवत राहायचे. अर्ध्या तासाची सुट्टी, त्यातला बराचसा वेळ त्या नव्या माणसाचा गेलाच म्हणून समजा.

गोष्ट एकच. तरुणपणी तो ड्रम वाजवायचा. चार जणांचा एक रॉक बँड होता, त्या बँडची एक आणि एकच रेकॉर्ड निघाली. त्या रेकॉर्डसाठी त्यानं एका दुपारी बावीस मिनिटं एकट्यानं, न थांबता असं काही वाजवलं होतं, की तसं परत कधी जमलं नाही. आणि बँडच्या म्होरक्यानं ती बावीस मिनिटं कापून टाकली. रेकॉर्डवर ठेवली फक्त चार सेकंद. "चार!" असं म्हणून तो चार बोटं ऐकणाऱ्याच्या नाकासमोर धरायचा. "बाकी सगळं बाद. का? तर माझं नाव झालं असतं ना!"

लोक त्याच्या पाठीमागे हसायचे. तोंडावर हसायची कुणाची छाती नव्हती, कारण माणूस कामाला चोख. पुठ्ठा आत सरकवायचा, दाबायचा, कापलेला बाहेर ओढायचा, हे त्यानं तीस वर्षं केलं आणि दहाच्या दहा बोटं शाबूत घेऊन निवृत्त झाला. त्या कारखान्यात ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. बायको मात्र तोंडावर हसायची. "बावीस मिनिटं सलग माझ्याशी कधी बोललात का हो?" असं ती विचारायची, आणि हा पेपर उघडून वाचायला लागायचा. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

आता ती गोष्ट जरा नीट सांगायला हवी, कारण तो सांगायचा तेव्हा ती मधूनच कुठूनतरी सुरू व्हायची आणि रागावर संपायची.

म्होरक्या म्हणजे गिटारवाला. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. कुठल्याशा शाळेत आठ महिने भूगोल शिकवून त्यानं नोकरी सोडली होती. नोकरी गेली, हाक राहिली. बेस गिटारवर लांब्या, ऑर्गनवर लांब्याची धाकटी बहीण आणि ड्रमवर हा. पाचवा टेपवाला. तो रेडिओ दुरुस्त करायचा, आणि एका मोडीत निघालेल्या स्टुडिओतलं टेपचं मशीन त्यानं हातापाया पडून मिळवलं होतं.

जागा होती एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना. भिंती हातभर जाड, आतून बुचाच्या तक्त्यांनी मढवलेल्या. बाहेरून ट्रक गेला तरी आत कळायचं नाही, आणि आत कितीही जोरात वाजवलं तरी आवाज घुमायचा नाही, आला तसा मरायचा. मास्तर त्यावर बेहद्द खूश होता. बर्फ जाऊन सात वर्षं झाली होती, तरी अमोनियाचा वास गेला नव्हता. पहिला आठवडाभर सगळ्यांचे डोळे लाल होते. घरी बावीसच्या आईला वाटलं, पोरगा भलत्या नादाला लागला. तसा तो लागलाच होता म्हणा.

नऊ आठवडे ते पाच जण त्या बर्फखान्यात होते, आणि मास्तरच्या डोक्यातून रोज एक नवं खूळ बाहेर पडत होतं. साधी गाणी त्याला करायचीच नव्हती. एके दिवशी त्यानं ऑर्गनच्या एका पट्टीवर दगड ठेवला आणि ती पट्टी पाऊण तास वाजत ठेवली. ऑर्गनवाली बिचारी शेजारी स्टुलावर बसून स्वेटर विणत होती. लांब्याच्या तारा इतक्या सैल केल्या की त्या लाकडावर आपटायच्या. छताच्या पंख्याचा आवाज टेप केला, टेप उलटी फिरवली आणि त्यावर गिटार चढवली. ड्रमवर कधी ओली चादर टाकायला सांगितली, कधी सायकलची साखळी. "झांजा काढ आज," म्हणाला एकदा, "झांजा म्हणजे नुसती फोडणीची चुरचूर." बावीसनं काढल्या. त्याला हा सगळा वेडेपणा वाटायचा, आणि त्या वेडेपणात आपल्याला घेतलंय याचा अभिमानही वाटायचा. चोवीस वर्षांचा होता. त्या वयात कुणी काही सांगावं आणि आपण जीव तोडून ते करावं, यासारखं सुख नसतं.

आणि एक नियम होता. वाजवणाऱ्यानं स्वतःचं वाजवणं ऐकायचं नाही. टेप ऐकणार फक्त मास्तर आणि टेपवाला. बाकीच्यांनी रेकॉर्ड पुरी होईपर्यंत थांबायचं. दारावर खडूनं तसं लिहून मास्तरनं तिघांच्या सह्या घेतल्या होत्या. लांब्यानं गंमत म्हणून अंगठा उमटवला होता. "माणूस स्वतःला ऐकायला लागला," मास्तर म्हणायचा, "की वाजवणं राहतं बाजूला, भांग पाडायला लागतो." शिवाय ज्यानं त्यानं वेगळ्या खोलीत बसायचं. बावीसला बर्फाच्या टाक्यांची खोली मिळाली होती. तिथे एक लाल बल्ब. लागला की सुरू, विझला की बंद. बाकीचे काय वाजवताहेत, वाजवताहेत की चहा पिताहेत, हेसुद्धा त्याला कळायचं नाही.

सातव्या आठवड्यात एका दुपारी मास्तर म्हणाला, "आज तू एकटाच. बल्ब विझेपर्यंत हात थांबवायचा नाही. काय वाटेल ते वाजव."

काय वाटेल ते! हे त्याला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. बल्ब लागला आणि त्यानं सुरुवात केली. पुढचं तो कारखान्यात सांगायचा तेव्हा त्याचे डोळे बंद व्हायचे. सुरुवातीला अगदी हलकं, बोटांच्या टोकांनी. मग हळूहळू चढत गेलं. मोठ्या ड्रमपासून लहानापर्यंत हात असे फिरायचे की त्याला स्वतःला दिसायचे नाहीत. मध्ये एका ठिकाणी त्यानं सगळं थांबवलं. "श्वासभर शांतता! एकदम! कुणाला सुचेल का सांगा?" आणि मग तिथून जे उसळलं ते शेवटपर्यंत. बल्ब विझला तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची सालं निघाली होती आणि शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता.

तो बाहेर आला. काचेपलीकडे टेपवाला बसला होता. त्यानं ह्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बावीसनं त्याचा अर्थ असा लावला की माणूस दिपला. मास्तर उठून आला, त्यानं खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "दमलास. चहा घे." त्या दिवशी तो घरी चालत गेला, चार मैल, आणि वाटेत एकटाच हसत होता.

रेकॉर्ड पुरी झाल्यावर सगळे ऐकायला बसले. पहिली बाजू एकोणीस मिनिटांची. तिच्यात तळाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ताल होता, लंगडा, एका बाजूला कललेला, पडेल पडेल वाटतो आणि पडत नाही असा. टेपचा एवढासा तुकडा कापून, त्याची टोकं चिकटवून, मशीनवर गोल गोल फिरवला होता. बाकीचे तिघे श्वास रोखून ऐकत होते. ऑर्गनवालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हा ताल कुणाचा?" बावीसनं विचारलं.

"तुझा," मास्तर म्हणाला.

"माझा? मी कधी असलं वाजवलं?"

"त्या दिवशी. चार सेकंद आहेत ती."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं लागलं नाही."

"लागलं नाही म्हणजे?"

"लागलं नाही म्हणजे लागलं नाही. झालं."

बावीसनं टेप मागितली. मास्तर नाही म्हणाला. बावीस चढ्या आवाजात बोलला, मग ओरडला, मग त्यानं अशा एकदोन गोष्टी काढल्या ज्या परत घेता येत नाहीत. मास्तरनं एकाचंही उत्तर दिलं नाही, आणि तेच ह्याच्या जास्त जिव्हारी लागलं. त्याच दुपारी त्यानं ड्रम उचलले. वर्षभरात ते विकून टाकले आणि खोक्यांच्या कारखान्यात चिकटला. बँड तिथेच संपला. रेकॉर्ड आली कधी आणि गेली कधी, कुणालाच कळलं नाही.

इथवर एका बँडची साधी भांडाभांडी झाली. अशी शंभर असतील. पण पंचवीस-तीस वर्षांनी ती रेकॉर्ड लोकांच्या हाती लागली. कोण कुठले लोक, दूरदूरच्या गावांचे, ती शोधून शोधून ऐकायला लागले. आणि ज्याच्या त्याच्या तोंडी ती चार सेकंद! बावीसची मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. संध्याकाळी घरी आली की फोनवर आलेलं वाचून दाखवायची. "बाबा, ऐका हे. हा माणूस म्हणतो, असा ताल कुणाला मुद्दाम वाजवता येणार नाही. आणि ही बाई म्हणते, ह्या चार सेकंदांनी मी बरी झाले." दुसरा कुणी असता तर हरखला असता. हा चिडायचा. "चार सेकंदांवर एवढे नाचतात," म्हणायचा, "बावीस मिनिटं ऐकली असती तर काय केलं असतं?" मुलगी म्हणायची, "खरंच की." तिचा पूर्ण विश्वास होता. लहानपणी झोपताना राजाराणीऐवजी तिनं हीच गोष्ट ऐकली होती. शाळेत 'माझे वडील' या निबंधात तिनं लिहिलं होतं, माझे वडील खूप मोठे वादक आहेत पण ते कुणाला माहीत नाही. बाईंनी त्याला दहापैकी नऊ गुण दिले होते.

सहा वर्षांपूर्वी टेपवाल्याचा फोन आला. तेवढा एकच माणूस दोन्हीकडे संबंध ठेवून होता.

"मास्तरचं काही खरं नाही रे," तो म्हणाला. "तुला बोलावलंय."

"टेप देणार असेल तर येतो."

"अरे, तो मरायला टेकलाय."

"मग टेप घेऊन कुठे जाणारे तो? विचार त्याला."

दुसऱ्या दिवशी टेपवाल्यानं निरोप सांगितला. मास्तर म्हणतो, टेप नाही मिळणार, पण तू ये. बावीस गेला नाही. बायको म्हणाली, "जाऊन या हो, तासाभराचा तर रस्ता आहे." तरी गेला नाही. अकरा दिवसांनी मास्तर गेला. ते कळलं तेव्हा बावीस स्वयंपाकघरात बसून दुधाची पिशवी कात्रीनं कापत होता. त्यानं ती नीट कापली, दूध पातेल्यात ओतलं, पिशवी विसळली आणि मग म्हणाला, "शेवटपर्यंत दिली नाही." एवढंच.

गेल्या वर्षी एका रेकॉर्ड कंपनीची बाई आली. त्यांना ती रेकॉर्ड पुन्हा काढायची होती, आणि त्यासाठी चौघांच्या सह्या हव्या होत्या. मास्तरच्या जागी त्याच्या भावाची झाली होती. लांब्या आणि त्याच्या बहिणीची झाली होती. राहिला होता हा. बाई सोफ्याच्या कडेवर बसून फार आदरानं बोलत होती. बावीसनं तिला पाणी दिलं, चहा दिला, आणि सही दिली नाही.

"ती बावीस मिनिटं पूर्ण घाला," तो म्हणाला. "एक सेकंद कापायचा नाही. वेगळी बाजू. वर माझं नाव."

बाईला आधी कळेचना. ही टेप आहे तरी कुठे? तिनं टेपवाल्याला गाठून विचारलं, तर त्याच्याचकडे. मास्तरनं कापलेला तुकडा नकलेतला होता. मूळ रीळ टेपवाल्यानं कपाटात ठेवलं होतं आणि इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बाईनं त्याच्याकडून काढून घेतलं. आठ महिने पत्रं येत जात राहिली. कंपनी म्हणे, पाच मिनिटं घेऊ. हा म्हणे, बावीस. कंपनी म्हणे, दहा. हा म्हणे, बावीस. इतकी वर्षं ज्याचं कुणी काही चालू दिलं नव्हतं तो माणूस आठ महिने असा पाय रोवून उभा राहिला, की मुलगी दुकानातल्या सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटली.

कंपनी शेवटी कबूल झाली. बाईनं फोनवर विचारलं, "तुम्ही एकदा ऐकून घ्याल का आधी? आम्ही पाठवतो."

"मला काय ऐकायचंय? मला पाठ आहे."

त्याच आठवड्यात टेपवाला स्वतः आला. ऐंशीला टेकलेला माणूस, दोन बस बदलून आला होता. पिशवीत छोटं मशीन होतं. "सही करायच्या आधी एकदा ऐक," म्हणाला. "मी तुला हात जोडतो."

"का? तुला काय भीती वाटते? मास्तरचं नाव खराब होईल?"

टेपवाल्यानं मशीन पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

"बेचाळीस वर्षं ऐकू दिलं नाहीत," बावीस म्हणाला. "आता चोरून नाही ऐकणार. रेकॉर्ड निघेल, जग ऐकेल, त्या दिवशी मीपण ऐकेन. नियम तुमचाच आहे ना? रेकॉर्ड पुरी झाल्याशिवाय ऐकायचं नाही." आणि त्यानं टेपवाल्यासमोरच, मुद्दाम, कागदावर सही ठोकली. टेपवाल्यानं मशीन पुन्हा पिशवीत घातलं. जाताना त्याला जिन्याचा कठडा सापडेना, बावीसनं हात धरून त्याला खाली नेलं. राग होता, पण म्हातारा पडायला नको.

मागच्या मंगळवारी सकाळी पार्सल आलं. मुलगी दुकानात होती. तिनं बजावलं होतं, "मी आल्याशिवाय लावायची नाही हं बाबा." वाजवायचं यंत्र तिनं आधीच शेजारच्या काकांकडून आणून टेबलावर मांडून ठेवलं होतं. त्यानं खोकं उघडलं. दोन रेकॉर्डी होत्या. दुसरीच्या एका बाजूवर त्याचं नाव, खरं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. ते त्यानं चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मुलीला दिलेला शब्द अर्धा तास पाळला. मग खिडकी लावून घेतली आणि सुई ठेवली.

पहिलं मिनिट चांगलं होतं. खरंच चांगलं होतं, हलकं, जपून. तो मान डोलवायला लागला.

तिसऱ्या मिनिटाला पाय पळायला लागला. उत्साहात लय पुढे पुढे ढकलत जाणारा पाय, कुठल्याही नवशिक्याचा असतो तसा. मोठ्या ड्रमपासून लहानापर्यंत हात फिरला. बरा फिरला. मग पुन्हा फिरला. मग पुन्हा. एकच विनोद येणाऱ्या माणसानं लग्नघरात तो प्रत्येक पाहुण्याला सांगावा, तसा तो एकच रोल तो परत परत वाजवत होता, आणि दर खेपेला शेवटी झांजेवर एक दणका, जणू काही फार मोठं झालंय. बावीसनं मोजलं नव्हतं, पण सहाव्या मिनिटापर्यंत त्याला पुढचा रोल कधी येणार ते कळायला लागलं. आणि तो यायचाच. त्याला वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं असेल. टेपवाल्यानं भलतंच रीळ दिलं असेल. तसं नव्हतं. खोकला त्याचाच होता, आणि मध्येच "हां!" असं स्वतःला दिलेलं प्रोत्साहनही त्याचंच.

मग ती शांतता आली. अकराव्या मिनिटाला. शांतता कसली, स्टिक पडल्याचा आवाज होता. लाकडी स्टिक फरशीवर पडली, टण्‌टण्‌ करत लांब गेली, आणि वाजवणारा थांबला. मग स्टूल करकरलं. तो वाकला असणार. वाकता वाकता, बल्ब चालू आहे, हात थांबवायचा नाही, म्हणून एका हातानं कसंबसं काहीतरी चालू ठेवलं, आणि तोल जाऊ नये म्हणून टेकलेला पाय उशिरा पडत राहिला.

तीच ती चार सेकंद.

बावीस खुर्चीत बसल्या जागी गार पडला. ज्याच्यासाठी लोक वेडे झाले, ज्यानं कुणी बाई बरी झाली, ते तो वाजवत नव्हताच. तो खाली पडलेली स्टिक शोधत होता. स्टिक सापडली, तो सरळ बसला, आणि पुढची अकरा मिनिटं जीव खाऊन तोच रोल, तोच दणका. बोटांची सालं निघेपर्यंत. मास्तरनं अन्याय केला नव्हता. मास्तरनं त्या सगळ्या गाळातून जेवढं जिवंत होतं तेवढं बोटानं उचलून घेतलं होतं.

सुई शेवटी जाऊन खरखरत राहिली. ती उचलायचं त्याला बराच वेळ सुचलं नाही. मग त्यानं टेपवाल्याला फोन लावला.

"ऐकलं मी," तो म्हणाला.

"हं."

"त्या दिवशी मास्तर काय म्हणाला होता? मी चहा घ्यायला गेलो तेव्हा?"

"आता कशाला ते?"

"सांग."

"म्हणाला, हे त्याला कधी ऐकू द्यायचं नाही. पोरगं जिवापाड वाजवतं. त्याला विचारायचं असेल तर मला विचारू दे, मी नाही म्हणतो. दोष माझ्याकडे राहू दे."

"मग तू रीळ दिलंस का त्या बाईला?"

"तू मागितलंस. आणि 'नाही' म्हणायला तो राहिला नाही. मी आलो होतो की रे तुझ्याकडे."

"आजारी होता तेव्हा बोलावलं होतं, ते कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? तुला बघायला," टेपवाला म्हणाला. "दुसरं काय असणार? रोज विचारायचा, निघाला का म्हणून."

फोन ठेवल्यावर तो तसाच बसून राहिला. त्याला रडावंसं वाटलं आणि रडू आलं नाही. स्वतःची लाज वाटत असताना रडूही येत नाही माणसाला. तासाभराचा रस्ता होता. अकरा दिवस होते. आणि हे थांबवता येईल का, असं त्यानं कंपनीच्या बाईला विचारायला फोन हातात घेतला, तो खोक्यावरची तारीख वाचून खाली ठेवला. रेकॉर्ड चार दिवसांपूर्वीच दुकानांत गेली होती. ज्यांनी ज्यांनी ती मागवली होती त्यांच्या घरोघरी आता ही बावीस मिनिटं वाजत असणार, न कापता, त्याच्या पूर्ण नावानिशी. आठ महिने पाय रोवून त्यानं स्वतःच ती मिळवली होती.

सहा वाजता मुलगी आली. चपला काढता काढताच म्हणाली, "आलं ना? लावली नाहीत ना?"

"नाही," तो म्हणाला. "आज राहू दे. डोकं दुखतंय जरा."

"काहीतरीच काय! मी जन्मापासून थांबलेय." तिनं पर्स कोपऱ्यात टाकली, त्याच्या नावावरून बोट फिरवलं, आणि त्याला काही बोलायची उसंत न देता सुई ठेवली. त्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली, लहानपणी बसायची तशी.

तो रेकॉर्डकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. पहिल्या मिनिटाला ती हसली. तिसऱ्या मिनिटालाही हसत होती. सहाव्याला हसू तसंच होतं, पण आता ते तिनं धरून ठेवलं होतं. स्टिक पडली तेव्हा तिनं चटकन वर पाहिलं, त्यानं नजर दुसरीकडे वळवली. ती हुशार मुलगी, तिला सगळं कळलं. तरी ती उठली नाही, फोनकडे पाहिलं नाही, हात मांडीवर ठेवून पूर्ण बावीस मिनिटं बसली. शेवटच्या मिनिटांत तर ती मान डोलवत होती, आणि ते बघणं त्याला सगळ्यात जड गेलं.

संपल्यावर तिनं सुई उचलली. पाठमोरीच राहिली क्षणभर. मग वळून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, किती छान वाजवलंत! त्या मास्तरांनी तुमच्यावर फार अन्याय केला हो. हे त्यांनी कापायला नको होतं."

खरं काय ते आता मास्तरच्या बाजूनं सांगणारा एक टेपवाला आणि एक हा. वाक्य जिभेवर आलं होतं. सोपं होतं, चार शब्दांचं. पण ते उच्चारलं की ह्या मुलीनं इतका वेळ धरून ठेवलेला चेहरा गळून पडणार, आणि त्याखालचा चेहरा त्याला बघावा लागणार.

"हो ना," तो म्हणाला. "नकोच होतं कापायला."